जमिनीकडून वाहणारा वारा

प्रिय बुवा,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी पाकीट उलटंपालटं करशील, मग चष्मा शोधशील, आणि नाव वाचल्यावर बहुतेक ते न फोडताच बाजूला सारशील. सार, पण फाडून टाकू नकोस. दुपारची गिऱ्हाइकं गेली, भांडी घासून झाली, की निवांत वाच. तुझा पत्ता मला आपल्या जहाजावरच्या रेडिओवाल्याकडून मिळाला. तू आता घराजवळच छोटी खानावळ चालवतोस आणि हातात डाव घेऊन गिऱ्हाइकांना उपदेश करतोस, असं तो सांगत होता. ऐकून बरं वाटलं. त्याच खोडीपायी तर जहाजावर तुला सगळे बुवा म्हणायचे. मीठ कमी खा, घरी फोन करा, आंघोळीला बुट्टी मारू नका. एवढा इंजिनरूमचा राजा असलेला चीफ, पण तोही ताट हातात धरून तुझं मुकाट्यानं ऐकून घ्यायचा. मीही ऐकायचो. एकदाच ऐकलं नाही.

माझी खुशाली काय सांगू. तुझी वहिनी तीन वर्षांपूर्वी गेली. पोटदुखी म्हणून डॉक्टरकडे नेलं आणि पाच महिन्यांत सगळं आटोपलं. तुला कळवायला हवं होतं, तिनं तुझ्या हातचं लोणचं वर्षभर पुरवून खाल्लं होतं. पण पत्र लिहायला बसायचो आणि पहिल्या ओळीलाच पेन अडायचं. ती गेल्यावर मी घरात एकटाच. कान तर इंजिनाच्या आवाजानं आधीच गेलेले, उजव्यानं काहीच ऐकू येत नाही. शेजारी म्हणतात, फिटरसाहेब फार शांत माणूस. त्यांना काय ठाऊक, मला अर्धं ऐकूच येत नाही ते.

लेक आता मोठ्या हुद्द्यावर आहे. पिण्याचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दोन वर्षांपूर्वी तिला परदेशात नोकरी लागली. समुद्राकाठच्या शहराचं नाव तिनं फोनवर सांगितलं, मी नकाशा काढला, त्यावर बोट ठेवलं आणि नकाशा मिटून ठेवला. अभिनंदन म्हणालो. त्यानंतर ती ये ये म्हणायची आणि मी सबबी सांगायचो. गुडघे दुखतात, छत गळतं, मांजर व्यायलंय. शेवटी तिनं तिकीटच पाठवलं. नाही म्हणायला तोंडच उरलं नाही. तुझ्या वहिनीसारखीच आहे, भांडत बसत नाही, सरळ करून मोकळी होते.

तर सहा आठवड्यांपूर्वी इथं आलो. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीतून बंदराच्या क्रेन दिसतात. पहिल्याच दिवशी पाहुणचार म्हणून तिनं माझ्या हातात पान्हा दिला. न्हाणीघरातला नळ गळत होता. मग खिडकीची बिजागरी, मग खालच्या मजल्यावरच्या बाईंचा गॅस. पंधरा दिवसांत अख्ख्या इमारतीत माझी ओळख झाली, भाषेचा एक शब्द येत नसताना. संध्याकाळी लेक आली की दोघं भात करून खायचो. ती दिवसभराचं सांगायची, मी डावा कान पुढं करून ऐकायचो. इतकं सुख मला बऱ्याच दिवसांत लाभलं नव्हतं. समुद्राकडं मात्र जात नव्हतो. ती म्हणाली, "बाबा, पंचवीस वर्षं समुद्रावर काढलीत आणि इथं येऊन किनाऱ्यावर पाय ठेवत नाही तुम्ही." मी म्हणालो, "म्हणूनच."

एका रविवारी तिनं ऐकलंच नाही. शहरापासून तासाभराच्या वाटेवर एक जुना किल्ला आहे. पांढऱ्या चुन्याच्या भिंती, वर काळ्या तोफा. इथं माणसं पकडून आणायचे, कोंडून ठेवायचे आणि गलबतं आली की गुलाम म्हणून भरून न्यायचे. शेकडो वर्षं हा धंदा चालला. लेक म्हणाली, इथं राहून ते न बघता परत गेलात तर ते बरं नाही. गेलो. फाटकाशी टोप्या विकणारा, एका शाळेची सहल, फोटो काढणारी नवी जोडपी. किल्ला दाखवणारी बाई पन्नाशीची होती. पायात रबरी चपला, कमरेला चाव्यांचा जुडगा, आणि बोलून बोलून घोगरा झालेला आवाज. ती तिच्या भाषेत सांगायची आणि लेक माझ्या डाव्या कानात आपल्या भाषेत.

माझी नजर तुला माहीत आहे. देवळात गेलो तरी मी आधी बिजागरी बघतो. वरच्या मजल्यावर अधिकाऱ्यांच्या खोल्या, मोठ्या खिडक्या, भरपूर हवा. खाली तळघरं. तळघरात उतरताना मी दगडाचे सांधे बघत होतो. सुईसुद्धा जाणार नाही असे सांधे. जमिनीला मधोमध एक पन्हळ होती आणि तिला दिलेला उतार इतका बेतशीर की पाण्याचा थेंब थांबू नये. मी मनात म्हटलं, वा. मग बाईनं सांगितलं, या खोलीत दोनशे माणसं दोन-दोन, तीन-तीन महिने असायची आणि त्यांची घाण त्या पन्हळीतून वाहून जायची. खोलीला छताजवळ एकच झरोका, वहीएवढा. माझ्या तोंडातला 'वा' तोंडातच राहिला.

पुढच्या खोलीत बेड्या ठेवल्या होत्या. बाई त्या हातात घेऊ देते. मी एक घेतली. वजनदार लोखंड, हातोड्यानं ठोकून केलेलं. पण आतल्या बाजूनं बोट फिरवलं आणि थांबलो. कडा घासलेल्या होत्या, बुवा. कुणीतरी कानस घेऊन बसून, आतल्या बाजूची सगळी धार घालवली होती. गुळगुळीत. हे फुकटचं काम असतं, यात वेळ जातो. मी लेकीला म्हणालो, "ज्यानं हे केलं तो चांगला माणूस असणार. मनगटाला कापू नये म्हणून त्यानं बघ केवढी मेहनत घेतली आहे." तिनं ते बाईला सांगितलं. बाईनं माझ्याकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं, आणि म्हणाली, जखमी माणूस विकला जायचा नाही, म्हणून घासायचे. मग म्हणाली, "तो माणूस चांगला होता का ते मला ठाऊक नाही. त्याचा हात चांगला होता."

मी बेडी खाली ठेवली. मला घाम फुटला होता. तळघरात हवा नाही म्हणून असेल, असं लेकीला वाटलं. ती मला हाताला धरून पुढं घेऊन गेली. शेवटी समुद्राकडं उघडणारा दरवाजा आहे. अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. त्याच्या पलीकडं पायऱ्या, आणि पायऱ्यांशी पाणी. बाहेर येऊन उभा राहिलो आणि मागून वारा आला तो थेट माझी टोपी घेऊन गेला. मुलं हसली. टोपी पाण्यावर पडली आणि बघता बघता आत आत जायला लागली. मी म्हणालो, थांबा, लाटेबरोबर येईल परत. बाईला ते लेकीकडून कळलं तेव्हा ती हसली. म्हणाली, "आता नाही येणार. या दिवसांत वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहतो. चार महिने असाच. म्हणून तर त्यांनी ही जागा निवडली. शिडं उभारली की गलबत आपसूक बाहेर जायचं. आमचे कोळी या दिवसांत लांब जात नाहीत. जे तरंगतं ते बाहेर जातं, किनाऱ्याला लागत नाही."

मी लेकीला म्हटलं, विचार, कुठले महिने? बाईनं सांगितलं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मी म्हटलं, नीट विचार, जानेवारीत कसा असतो? लेकीनं विचारलं. बाई म्हणाली, जानेवारीत सगळ्यात जोराचा.

त्यानंतर मी पायरीवर खाली बसलो. ओल्या पायरीवर, पॅन्टची पर्वा न करता. टोपी अजून दिसत होती, एक पांढरा ठिपका. लेक घाबरली, छातीत दुखतंय का, पाणी हवंय का. बाईनं कुठून तरी स्टूल आणून दिलं. किल्ल्याबाहेर एका झाडाखाली बाक होता, तिथं येऊन बसलो आणि लेकीला सगळं सांगितलं. तुझ्या वहिनीला जे ती जाईपर्यंत आठ वर्षं सांगितलं नाही ते लेकीला सांगितलं. ते तुला तर पाठच आहे. तरी इथं ओळीनं लिहितो, जसं तिला सांगितलं तसं. मी आजवर हे स्वतःलाही ओळीनं सांगितलं नव्हतं. कुठं चुकलो असेन तर तू दुरुस्त कर.

लाकडाचे ओंडके भरून आपण बंदर सोडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ओंडक्यांच्या मागं लपलेली तीन माणसं सापडली. एक उंच, गवंडीकाम करणारा. एक चष्मेवाला, तो कुठल्याशा शाळेत शिकवायचा, त्याला आपण मास्तर म्हणायला लागलो. आणि एक सारखा खोकणारा. पळून दुसरीकडं कामाला चालले होते. रंगाचे डबे ठेवायची खोली रिकामी करून त्यांना आत घातलं. बाहेरून कडी नव्हती. ती मी बसवली. पक्की बसवली, कारण मला दुसऱ्या तऱ्हेनं काम करता येत नाही. चार दिवस ते त्या खोलीत होते आणि दोन वेळा त्यांचं ताट घेऊन जायचास तो तू. पुढच्या बंदरानं त्यांना उतरवून घ्यायला नकार दिला. कंपनीचे संदेश यायला लागले. दुसऱ्या एका जहाजावर अशी माणसं सात महिने राहिली होती आणि कॅप्टनची नोकरी गेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. आपला कॅप्टन वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. रोज संध्याकाळी मुलीशी फोनवर बोलताना त्याचे डोळे भरून यायचे. पाचव्या दिवशी सकाळी, जानेवारीत, याच किनाऱ्यासमोर असताना त्यानं मला बोलावलं. म्हणाला, किनारा दिसतोय, समुद्र शांत आहे, तराफा कर. दोन-तीन तासांत लागतील ते.

मी आठ रिकामे ड्रम घेतले, पाईप कापले, जोडले, वर फळ्या ठोकल्या. तू भटारखान्यातून बाहेर आलास. हातात पीठ लागलेलं होतं. म्हणालास, "फिटर, नको करूस." तेवढंच. नेहमीसारखा लांबलचक उपदेश केला असतास तर कदाचित मी भांडलो असतो आणि भांडता भांडता थांबलोही असतो. मी म्हणालो, "मी नाही केलं तर कुणी दुसरा करेल, आणि वाईट करेल. माझा बुडणार नाही." तू परत आत गेलास. आणि मी काम पुढं चालू केलं. कापलेल्या पाईपांची टोकं धारदार असतात. मी ग्राइंडर लावला, मग कानस घेऊन एकेक कड घासली, हात-पाय कापू नयेत म्हणून. सकाळचे दोन तास मी त्या कडांवर घालवले. अकरा वर्षं त्या दोन तासांच्या जिवावर मी झोपलो आहे, बुवा. मी स्वतःला सांगत आलो की बाकीच्यांनी माणसं ढकलली, मी निदान कडा घासल्या.

दिवसाढवळ्या, दुपारचं जेवण झाल्यावर, त्यांना शिडीवरून खाली उतरवलं. उंच गवंड्यानं ड्रमवर बोटानं ठोकून बघितलं, कारागीर ठोकून बघतो तसं. मग पाईपाच्या कडेवरून हात फिरवला, वर माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. काम चांगलं आहे, अशी. ती मान मी शिफारसपत्रासारखी जपून ठेवली होती. तू दोन कॅन पाणी दिलंस, फडक्यात पाव बांधून दिलेस आणि अंगातला स्वेटर काढून खोकणाऱ्याच्या अंगावर टाकलास. इंजिनाचा वेग वाढवायची घंटा झाली. मी खाली इंजिनरूममध्ये निघून गेलो. बघत थांबलो नाही. तू मागच्या कठड्याशी उभा होतास, ते दिसेनासे होईपर्यंत, असं नंतर ऐकलं. ते किनाऱ्याकडं जात होते की नाही हे मी तुला तेव्हा विचारलं नाही. कधीच विचारलं नाही. त्यानंतरचे चाळीस दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस. ताट सरकवायचास, बस. सफर संपली त्या बंदरात कंपनीच्या माणसानं कागद आणला, या सफरीत जहाजावर आगंतुक कुणी आढळलं नाही. मी सही केली. माझ्या खाली तुझी होती. हे मी टोचायला लिहीत नाही. तू सही करून जिना उतरलास तो परत त्या जहाजावर चढला नाहीस, तेही मला माहीत आहे.

लेकीनं मधे एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर तिनं दोनच प्रश्न विचारले. पहिला, "आईला माहीत होतं?" मी नाही म्हटलं. दुसरा, "पाणी किती लिटर होतं?" मी म्हटलं, वीस-वीसचे दोन कॅन. तिच्या कामात तिला हे गणित रोज करावं लागतं, माणशी किती, उन्हात किती, किती दिवस. तिचे ओठ हलत होते ते मी पाहिलं. आकडा तिनं सांगितला नाही आणि मी विचारला नाही.

दोन दिवस घरात शुकशुकाट. ती वेळेवर जायची, वेळेवर यायची, भात करायची, माझ्या पानात वाढायची. रागावली असती तर सोसलं असतं. माझ्याकडं बघताना तिचे डोळे असे व्हायचे की जणू ती मला कुठंतरी बघितल्याचं आठवत होती. मी तिला समजवायचा प्रयत्न केला. किनारा दिसत होता, म्हटलं. कॅप्टन म्हणाला तीन तास, म्हटलं. ती म्हणाली, "बाबा, कॅप्टनला वारा कळत नव्हता?" कॅप्टनच्या खोलीत या किनाऱ्याच्या वाऱ्यांचं आणि प्रवाहांचं जाड पुस्तक होतं. त्या कपाटाचं कुलूप मीच दुरुस्त केलं होतं. त्यानं ते पुस्तक त्या सकाळी उघडलं होतं की नाही, त्याचं त्याला ठाऊक. आणि मी? पंचवीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, डेकवर उभा राहून काम करत होतो. ठिणग्या कुठल्या बाजूला उडत होत्या ते मी पाहिलं असणारच. बाहेरच्या समुद्राकडं उडत होत्या. रोज रात्री डोळे मिटले की आता मला तेवढंच दिसतं.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "कुठं जाऊन सांगायचं ते मी शोधून काढलंय. तुम्ही येणार का, एवढंच सांगा." मी आधी बंदरावर जाऊ म्हटलं. मला वाटलं, कुणीतरी सांगेल, हो, तीन माणसं लागली होती, त्यातला एक इथंच गवंडीकाम करतो. आपण ज्या आशेवर जगतो ती मरताना किती हात-पाय झाडते बघ. जेट्टीवर म्हाताऱ्या कोळ्यांना विचारलं. त्यांनी डोकं खाजवलं. ड्रम? ड्रम तर नेहमीच कुठून कुठून येतात. माणसं? माणसंही येतात अधूनमधून. अकरा वर्षांपूर्वीचं कोण लक्षात ठेवणार? एकजण म्हणाला, एखाद्या मोठ्या बोटीनं उचललं असेल तर असेल. तेवढंच हाती घेऊन परतलो.

मग त्या कार्यालयात गेलो. समुद्रावरच्या गुन्ह्यांचा तपास करणारा सरकारी विभाग आहे, दुसऱ्या मजल्यावर, एक लांबट खोली, दोन टेबलं, भिंतीवर पंखा. समोर एक तरुण बाई, लेकीच्याच वयाची. तिनं सांगितलं, दुभाषा मिळायला आठवडा लागेल. लेक म्हणाली, मीच सांगते. बाईनं तिला बजावलं, आपल्या मनचं काही घालायचं नाही, ते जसं बोलतील तसंच, 'मी' म्हणाले तर 'मी'च म्हणायचं. मी एकेक वाक्य बोलायचो आणि लेक ते त्या भाषेत बोलायची. मला ती भाषा येत नाही, पण 'मी' हा शब्द एव्हाना कळायला लागला होता. मी म्हटलं, मी कडी बसवली. ती म्हणाली, मी कडी बसवली. मी म्हटलं, मी तराफा बांधला. ती म्हणाली, मी तराफा बांधला. तिच्या तोंडून, तिच्या आवाजात. टेबलाखाली तिनं माझा हात धरला होता. असं तीन तास चाललं. मी चाळीस अंशांच्या इंजिनरूममध्ये दिवसदिवस उभा राहिलो आहे, पण एवढा थकलो नव्हतो.

माझा पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला आहे. अटक नाही, पण शहर सोडायचं नाही. पुढं काय होईल ते त्या बाईलाही नक्की सांगता येत नाही. ते जहाज केव्हाच भंगारात गेलं, कंपनीनं नाव बदललं. कॅप्टन जिवंत आहे. त्याचं नाव मी दिलं, माझं दिलं. तुझं दिलेलं नाही. आणखी कोण होतं असं तिनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, ज्याला सांगायचं असेल तो स्वतः सांगेल. लेकीनं तेही जसंच्या तसं सांगितलं. परवा सकाळी लेक चहा पिताना म्हणाली, गॅसवाल्या बाई तुमची विचारपूस करत होत्या, शेगडी पुन्हा बंद पडली आहे. मी विचारलं, जाऊ का? ती म्हणाली, जा की. सहा-सात दिवसांत ती पहिल्यांदा माझ्याशी काहीतरी साधं बोलली होती. मी पान्हा घेतला आणि गेलो.

आता हे पत्र कशासाठी ते लिहितो. त्या दिवशी कार्यालयात सगळं सांगून झाल्यावर तिथल्या बाईनं एक कोरा कागद पुढं ओढला आणि काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं, एक उंच होता, एक मास्तर, एक खोकायचा. लेकीनं ते सांगितलं नाही. ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "बाबा, त्या नावं विचारतायत." माझ्याकडं नव्हती, बुवा. चार दिवस ते माझ्या कडीआड होते आणि मी कुणाचंही नाव विचारलं नाही. बाई म्हणाली, नावं असती तर त्यांच्या गावाकडं विचारता आलं असतं, कुणी परत आलं का, कुणी अजून वाट बघतंय का. नावांशिवाय काहीच शोधता येत नाही. मला ठाऊक आहे, तू त्या दाराशी बादली उपडी घालून बसायचास, तुझी मोडकीतोडकी भाषा बोलत, हातवारे करत, ते जेवेपर्यंत. तू लोकांना नाव विचारल्याशिवाय वाढतच नाहीस. तुला ती आठवत असतील. ती मला लिहून पाठव. एकच आठवत असेल तर एकच पाठव, अर्धं आठवत असेल तर अर्धं. तुझं नाव त्यांच्याखाली घालायचं की नाही ते तू ठरव, मी घालणार नाही. मला पत्र लिहायचं नसेल तर लिहू नकोस, खुशाली नको, माफी तर नकोच. एका कागदावर नुसती त्यांची नावं लिही आणि पाकिटात घालून पाठव. पत्ता मागं लिहिला आहे. तो लेकीच्या अक्षरात आहे.

तुझाच,
फिटर